बाळकुमची चाळीस एमबी

हार्ड डिस्क बिघडली की आधी कानाला कळतं, डोळ्याला नंतर. चांगली डिस्क सुरू होताना चढत्या सुरात गुणगुणते आणि एका पट्टीवर येऊन स्थिर होते. बिघडलेली मध्येच अडखळते, टक् टक् करते, गप्प होते, पुन्हा टक् टक् करते. ठाण्यापासून कल्याणपर्यंत घरोघरी कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडायचो, तेव्हा दारात चपला काढतानाच तो आवाज कानावर यायचा. आत गेल्यावर घरची मंडळी ज्या नजरेनं बघायची, ती नजर डॉक्टरांच्या ओळखीची असेल. पहिला प्रश्नही तोच असायचा, "वाचेल ना?"

मी "वाचेल" असं कधी म्हणालो नाही. "बघतो" म्हणायचो. काही गिऱ्हाइकांना ते रुचायचं नाही. डोंबिवलीतल्या एका काकूंनी तोंडावर सांगितलं होतं, "अहो, निदान खोटं तरी बोला! धीर येतो माणसाला." पण आमच्या कामात खोटा धीर दिला की तो अर्ध्या तासात उघडा पडतो.

नव्वदनंतरच्या पाच-सहा वर्षांत आमच्या भागात घरी कॉम्प्युटर असणं हे अजून कौतुकाचं होतं. बहुतेक मशीन कुठल्यातरी ऑफिसनं काढून टाकलेली. डिस्क वीस, फार तर चाळीस एमबीची. आता एका सीडीवर तशा सोळा डिस्क मावतात. पण त्या एवढ्याशा जागेत लोकांनी काय काय ठेवलेलं असायचं! सोसायटीच्या सभेची इतिवृत्तं, मुलीच्या पत्रिका, क्लासच्या प्रश्नपत्रिका, एकाकडे तर घरच्या मांजरांची वंशावळ.

ज्यांनी डिस्क आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्या बंद डबीत पुरीएवढ्या चकत्या असतात आणि त्या मिनिटाला साडेतीन हजारांहून जास्त फेरे घेतात. चकतीवरून एक हेड इकडून तिकडे सरकत माहिती वाचतं. ते चकतीला टेकत नाही. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतर राखून तरंगतं. बिघाड मुख्यतः दोन प्रकारचे. आमच्याकडे शुक्रवारी लाइट जायची. कुणी काम करत असतानाच ती गेली की कोणती फाइल कुठे आहे याची नोंद बिघडायची. बिल्डिंगच्या जिन्यापाशी नावांची पाटी असते, ती पुसली गेल्यासारखं. बिऱ्हाडं आपापल्या खोल्यांतच असतात. प्रत्येक दाराची बेल वाजवून "कोण राहतं?" विचारायचं आणि पाटी पुन्हा रंगवायची. हे काम मला फार आवडायचं. दुसरा प्रकार वाईट. चकती फिरत असताना धक्का बसला, तर हेड तिच्यावर आपटतं आणि तिथली माहिती खरवडून निघते. इथं पाटी शाबूत असते, बिऱ्हाडच नाहीसं झालेलं असतं.

धक्के कसे बसतील याचा नेम नसे. कल्याणला एका गृहस्थांच्या डिस्कमध्ये दर महिन्याला नव्या खराब जागा निघायच्या. मी वायरिंग तपासलं, व्होल्टेज तपासलं, काही सापडेना. एके दिवशी न कळवता गेलो, तर कॉम्प्युटर शिलाई मशीनच्या टेबलावर होता, गृहस्थ त्यावर पत्ते खेळत होते आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बायको पायानं मशीन चालवून परकराला नेफा घालत होती.

"तुम्ही येणार म्हटलं की मी आवरून ठेवते ना सगळं," बाई म्हणाल्या.

"आणि एरवी?"

"एरवी आमच्या खोलीत एकच टेबल आहे, प्रधान. त्यांचं चालतं, माझंही चालतं."

त्यांच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. मी कॉम्प्युटर भिंतीतल्या फडताळात बसवून दिला.

पण ज्या डिस्कसाठी मी सगळ्यात जास्त झटलो, ती बाळकुमची. तेव्हा बाळकुम गावासारखंच होतं. खाडीच्या अंगाला आगरी-कोळ्यांची घरं, अंगणात जाळी, मध्ये एखादी नवी चार मजली बिल्डिंग. नौपाड्यात एका जिन्याखाली माझा छोटा गाळा होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं सुनंदा भोईर आली. प्राथमिक शाळेत शिक्षिका, तिशीची, नीटनेटकी. नवऱ्यानं त्याच्या कंपनीतून निघालेला जुना कॉम्प्युटर तिला आणून दिला होता. काल सायंकाळी तो मध्येच अडला आणि पडद्यावर तेच ते वाक्य यायला लागलं, म्हणाली.

"मग काय केलंत?"

"बंद केला. प्लग काढून ठेवला. कुणाला हात लावू दिला नाही."

मला बरं वाटलं. शंभरातली नव्वद माणसं अशा वेळी दिसेल ते बटण दाबतात आणि उरलंसुरलं घालवतात.

डिस्कवर काय आहे हे मी सहसा विचारत नसे. गिऱ्हाइकाची फाइल उघडते की नाही ते बघायचं, वाचायची नाही, हा माझा नियम. पण सुनंदानं आपणहून सांगितलं. तिची सासू हिराबाई गावची धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला धवले गातात. हळदीला वेगळे, तेलाला वेगळे, मांडवात देवांना बोलावण्याचे वेगळे. ते गाणारी ती धवलारीण. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. हिराबाईला सगळं तोंडपाठ, पण लिहिता-वाचता येत नव्हतं आणि आता दम्यानं तिला एका दमात दोन ओळी म्हणणंही जड जात होतं. दोन वर्षं, जेव्हा तिला बरं असेल तेव्हा, ती म्हणायची आणि सुनंदा टाइप करायची. आता धवल्यांची गादी सुनंदानं घ्यायची असं ठरलं होतं. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्तावर गावातलं लग्न होतं आणि त्यात सुनंदा पहिल्यांदा गाणार होती.

"पाठ झालंय का?" मी विचारलं.

"निम्मं. बाकीचं दिवाळीच्या सुट्टीत करणार होते. आईंना आता पुन्हा सगळं म्हणायला नाही हो लावता येणार."

"फ्लॉपीवर घेतलं असेल ना?"

तिनं पिशवीतून फ्लॉप्यांचा डबा काढला. मी एकीची पत्र्याची झडप सरकवून पाहिली. आतल्या चकतीवर पांढरे ठिपके होते, बुरशीचे. खाडीकाठची हवा. लोखंडी कपाटात नीट ठेवलेल्या सगळ्या फ्लॉप्या गेल्या होत्या. तिनं तर सगळं शिस्तीत केलं होतं.

मी तिच्याबरोबर बाळकुमला गेलो. पुढच्या खोलीत खिडकीपाशी लोखंडी टेबल, त्यावर कॉम्प्युटर. कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, फ्लॉपीच्या फटीत तांदळाचे दाणे. यात नवल नव्हतं; दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी दर वर्षी पक्कड घेऊन असे तांदूळ काढत असे. पण टेबलाच्या कोपऱ्याचा रंग ताजा उडाला होता आणि खाली फरशीवर नारळाच्या शेंड्या होत्या.

दारात सासरे उभे होते, गणपतदादा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात उभा जन्म लेथवर काढून निवृत्त झालेले.

"दादा, पूजा झाली तेव्हा मशीन चालू होतं का?"

"मंग?" ते म्हणाले. "बंद मशिनीची कधी पूजा करतात काय? कंपनीत आमी लेथ फिरवत ठेवून नारल फोरायचो. मशीन थांबलेला आसला त देव पावतो काय?"

"आणि नारळ कुठे फोडलात?"

त्यांनी टेबलाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "जोरान फोरला. एका घावात दोन भकला."

सुनंदानं डोळे मिटून घेतले. तिला हे ठाऊक नव्हतं. ती त्या वेळी स्वयंपाकघरात होती.

डबी उघडली की आत धूळ जाते, म्हणून मी ती कधी उघडत नाही. मी गणपतदादांना बोटांनीच दाखवलं. चकती अशी फिरते, हेड तिच्यावर असं तरंगतं, मध्ये एवढंसं अंतर. अजून पुढचं सांगणार तोच ते म्हणाले, "म्हंजे टूल जॉबला घासला."

"हो."

"फिरत्या जॉबला?"

"हो."

ते खाली बसले. लेथवर फिरणाऱ्या तुकड्याला, म्हणजे जॉबला, हत्यार आपटलं की काय होतं ते त्यांना ठाऊक होतं; त्यानंतर त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. आतल्या खोलीतून हिराबाईचा आवाज आला, "काय बोलतंय तो? जाला का चालू?"

डिस्क काढून मी फडक्यात गुंडाळली. गणपतदादांनी ती माझ्या हातातून घेतली. नौपाड्यापर्यंत रिक्षात ते ती मांडीवर घेऊन बसले आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला सांगत राहिले, "हलू घे रे बाबा, हलू." गाळ्यात पोचल्यावर मी "आता तुम्ही जा" म्हणालो, तर त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

अशा डिस्कवर काम करण्याची माझी रीत ठरलेली होती. तिच्यावर काही लिहायचं नाही, फक्त वाचायचं. आधी चांगल्या भागातलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं आणि मगच जखमेला हात घालायचा. कारण घासलेलं हेड किती तास चालेल याचा भरवसा नसतो. हे सगळे नियम मी नुकसान पाहून शिकलो होतो, माझ्या आणि इतरांच्या गिऱ्हाइकांचं. चांगला भाग त्याच दिवशी उतरला. हळदीचे धवले आले, तेलाचे आले, वरातीचे आले. शाळेच्या प्रश्नपत्रिकाही आल्या. आली नाही ती मांडवातली मोठी फाइल, देवांना बोलावण्याची. हेड नेमकं तिच्यावर आपटलं होतं.

सुनंदानं सांगितलं होतं की ती फाइल सगळ्यात महत्त्वाची. त्यात गावदेवीपासून शिवेवरच्या वेताळापर्यंत आणि खाडीच्या देवापासून घरच्या वाडवडलांपर्यंत एकेकाला ओळीनं लग्नाला बोलावतात. एक जरी सुटला तरी त्या घरावर त्याचा राग, असं गाव मानतं. ज्या धवलारणीनं पहिल्याच लग्नात देव गाळला, तिला दुसऱ्या लग्नाला कोण बोलावणार?

खराब जागा आली की पडद्यावर तीन पर्याय यायचे: सोडून द्या, पुन्हा बघा, चुकलं म्हणून पुढे चला. "पुन्हा बघा"साठी रिट्रायमधलं आर हे अक्षर दाबायचं. दहा वेळा दाबून जे वाचलं जात नाही ते कधीकधी दोनशेव्या वेळी वाचलं जातं. हेड एखाद्या केसाइतकं बाजूला पडतं आणि माहिती हाती लागते. जुन्या डिस्क गार असताना वेगळं वाचतात, तापल्यावर वेगळं. आडवी ठेवून हटून बसलेली उभी केल्यावर बोलते. यामागे शास्त्र आहे, पण बाहेरून बघणाऱ्याला तो अंगारा-धुपाराच वाटतो.

"एकच बटन दाबायचा ना?" गणपतदादा म्हणाले. "मी दाबतो. तू तुझी दुसरी कामा कर."

त्यानंतर ते रोज सकाळी यायचे. चष्मा लावून, उजव्या हाताची तर्जनी आर या अक्षरावर ठेवून बसायचे. मी मागे दुसऱ्यांचे कीबोर्ड साफ करायचो. मध्येच ओरडायचे, "आला!" म्हणजे एक तुकडा वाचला गेला. गळाला मासा लागावा तसा तो आवाज असे. मी जाऊन डिस्क एका अंगावरून दुसऱ्या अंगावर करायचो, त्यांना पुन्हा बसवायचो. शेजारचा टेलर विचारून गेला, "काय प्रधान, नवीन माणूस ठेवलात?"

"मानूस नाय, मशीन ठेवलंय," गणपतदादाच म्हणाले. "लेथवर चाळीस वरसां उभा होतो. इथं बसायला तरी भेटतंय."

घरी बायको म्हणाली, "त्या म्हाताऱ्यांना किती दिवस एका बोटावर बसवणार आहात? जेवायला तरी आणा." मी विचारलं, पण ते डबा आणायचे, भाकरी आणि सुकटाची चटणी. मला अर्धी भाकरी काढून ठेवायचे. आम्ही चांद्रसेनीय कायस्थ. सुकटाला नाही म्हणण्याइतका मी कर्मठ नव्हतो.

असे तुकडे जमत गेले. दिवाळी तोंडावर आली, फराळाचं ताट आलं, मी कंदील लावला, ते आरवर बोट ठेवून होते. पण धनत्रयोदशीला डिस्कचा आवाज बदलला. गुणगुण खालच्या पट्टीवर आली आणि टक् टक्चं अंतर कमी झालं. तो आवाज मला ओळखीचा होता.

"दादा, आता सोडा."

"एक डाव."

"जेवढं मिळायचं तेवढं मिळालंय. आता नुसतं घासतंय ते."

"एक डाव बोललो ना."

मी त्यांचा हात धरला नाही. त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. मग डिस्क फिरायची थांबली, आणि त्यानंतर ती कधीच फिरली नाही. गणपतदादांनी बोट उचललं आणि तळहातानं पुसलं. "टूल मोडला," एवढंच म्हणाले.

नवी डिस्क बसवून मी बाळकुमला गेलो तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. मांडवाची फाइल उघडली. दर थोड्या ओळींनी अक्षरांच्या जागी चौकोन. सुनंदानं सुरुवातीपासून वाचायला घेतलं. निम्म्याहून जास्त जागा तिच्या तोंडी होत्या. अडली की मागची ओळ गुणगुणायची आणि पुढची आपोआप यायची. टाइप करत करत ती पार खालपर्यंत गेली. शेवटी एकच मोठी पोकळी राहिली, वीस-बावीस ओळींची. शिवेवरच्या देवांची. तो भाग तिनं अजून पाठच केला नव्हता.

हिराबाई आतून बाहेर आली. बारीक, वाकलेली, लुगड्याचा घट्ट काष्टा, डोळे लख्ख. खाटेवर टेकली.

"आय, एवढंच म्हणा ना," सुनंदा म्हणाली. "शिवेपासून."

"मधनंच नाय येत गो मना. पैल्यापासून धरला त येतंय."

"हळूहळू म्हणा. लागेल तितका वेळ घ्या."

मी खुर्ची सरकवली, गणपतदादा दाराशी बसले. हिराबाईनं डोळे मिटले आणि अगदी खालच्या आवाजात सुरुवातीपासून धरलं. दोन ओळी, थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा दोन ओळी. सुनंदा बोटं कीबोर्डवर ठेवून वाट बघत होती. गावदेवी झाली, खाडी झाली. शीव आली. आणि हिराबाईचा आवाज गेला. ओठ हलत होते, मान डुलत होती, मांडीवर बोटांनी ताल चालू होता, पण ऐकू काही येत नव्हतं. मला वाटलं, दम लागला. सुनंदा पाणी आणायला उठली. तेवढ्यात वाडवडलांच्या ओळीवर आवाज पुन्हा आला, चांगला स्वच्छ.

"आय! मधलं म्हटलंच नाहीत."

"म्हनला. मनात म्हनला."

"मोठ्यानं म्हणा ना. मी लिहिते."

हिराबाईनं डोळे उघडले आणि सुनेकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "तुझ्या डब्यात सगलाच भरून ठेवला, त मना लग्नाला कोन बोलवील रे?"

"आई, तुम्हाला कोण नाही म्हणेल?" मी म्हणालो. अपुरी फाइल ठेवून उठणं माझ्या स्वभावात नव्हतं. "पण तुम्हाला त्या दिवशी दम लागला तर? लिहिलेलं असलं म्हणजे..."

"तेवऱ्याला पुरंल माझा दम. ही आधीचा म्हनंल, ही मागचा म्हनंल. तेवरा मी म्हनन."

"आणि नाही पुरला तर?" सुनंदाचा आवाज चढला होता. "देव सुटला तर लोक मला बोलतील, आय. तुम्हाला नाही!"

"मना बोलतील. बोल त्यांना, सासूनं दिला नाय."

"दे ना गे तिला," गणपतदादा दारातून म्हणाले.

"तू गप बस. तू नारल फोर."

आधी सुनंदाच हसायला लागली. मी फाइल बंद केली. तिची एक प्रत फ्लॉपीवर, एक माझ्या गाळ्यात, आणि एक छापून दिली. त्या वीस-बावीस ओळींच्या जागी कागद कोरा राहिला.

लग्नाला मला बोलावणं होतं. मी बायकोला घेऊन गेलो. मांडवात बायका दाटीनं बसलेल्या, मध्ये सुनंदा नवं लुगडं नेसून, तिच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर हिराबाई. सुनंदाच्या हातात कागद नव्हता. सुरुवातीला आवाज थोडा कापरा होता, पण हळदीचे धवले संपेपर्यंत स्थिरावला. मांडवाचा धवला सुरू झाला तेव्हा मी बोटं आवळून बसलो होतो. तिथल्या तीन-चारशे माणसांत ती जागा कुठे येते हे माहीत असलेले आम्ही चौघंच. गावदेवी आली. खाडी आली. शीव आली आणि सुनंदा थांबली.

मागच्या बायकांनी माना वर केल्या. हिराबाईनं पदर नीट केला. मग हात पुढे करून पाणी मागितलं. कुणीतरी तांब्या दिला. ती सावकाश प्यायली. माझ्या शेजारी गणपतदादांच्या उजव्या हाताची तर्जनी मांडीवर एकसारखी आपटत होती.

मग तिनं धरलं. आवाज बारीक होता, दोन ओळींनंतर श्वास होता, पण एकेक देव नावानं आला. मी मोजत होतो; मोजण्याची सवय जात नाही. शेवटच्या देवाशी तिला जोराचा खोकला आला. खोकला संपेपर्यंत तिनं तळहात वर धरून सगळ्यांना थांबवलं आणि राहिलेलं अर्धं नाव पुरं केलं. मग पदरानं तोंड पुसून सुनेकडे वळली.

"म्हन की आता. थांबलीस कशाला?"